‘रिस्टोअर केलेले’ इंद्रजाल अंक आणि माझे १,८६,००० रुपये

जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचे रिस्टोअर केलेले, म्हणजे डागडुजी केलेले, अंक पुढे विकण्यासाठी घेताना माझी १,८६,००० रुपयांची फसवणूक झाली. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण गेली १९ वर्षे मी हे अंक जमवतो आहे आणि नवे संग्राहक आपले अंक पारखून घ्यायला माझ्याकडे येत असत. तरीही लिहितो आहे, कारण ज्या इसमाने मला फसवले तो आजही अंक विकतो आहे आणि त्याला अडवण्याची तसदी एकाही कार्यालयाने घेतलेली नाही.

रिस्टोअर केलेला अंक मी घेतलाच कसा, असे मला अनेकांनी विचारले. मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेल्या या मालिकेचे सुरुवातीच्या वर्षांतले धड अंक आता सहजासहजी मिळत नाहीत. दमट हवेत पिना गंजतात, तो गंज मधल्या पानांत उतरतो, कागदातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे पाने पिवळी पडून कडांचा भुगा होतो. शिवाय वर्षभराचे अंक एकत्र शिवून बाइंडिंग करण्याची घरोघरी पद्धत होती; त्यात कडा कापल्या गेल्या आणि पाठीजवळ भोके पडली. अशा अंकाची फाटलेली पाठ जपानी टिश्यू हा पातळ कागद आणि गव्हाची खळ वापरून सांधणे, गंजलेली पिन बदलणे, वरची धूळ काढणे हे प्रामाणिक काम आहे. ते केले असल्याचे सांगून आणि त्यानुसार किंमत कमी लावून अंक विकण्यात काहीही गैर नाही, हे माझे मत आजही बदललेले नाही.

या इसमाने नेमका याच मताचा फायदा घेतला. अंक रिस्टोअर केलेले आहेत हे त्याने पहिल्याच फोनवर स्वतःहून सांगितले. जो माणूस मालातला दोष आपणहून सांगतो त्याच्यावर विश्वास बसतो, आणि त्यानंतर अंकात जे जे खटकते त्या सगळ्याचा खुलासा त्या एका शब्दाने होऊ लागतो. पिन चकचकीत का? बदलली आहे. रंग इतका ताजा का? सफाई केली आहे. रिस्टोअर केलेला अंक घ्यायचा असेल तर नेमके काय काय केले आहे, कोणत्या पानावर आणि कशाने, हे प्रत्येक अंकासाठी वेगळे लिहून घ्यावे, आणि कामाच्या आधीची छायाचित्रे मागावीत. मी दोन्हीपैकी काहीही मागितले नाही.

आधी छोटा व्यवहार, मग मोठा, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगतो. मी त्याच्याकडून वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) कथांचे तीन अंक ४,२०० रुपयांना घेतले. दोनच आठवड्यांत एका अनोळखी संग्राहकाने ते माझ्याकडून ६,५०० रुपयांना नेले. मला २,३०० रुपये सुटले, आणि अशा अंकांना गिऱ्हाईक आहे अशी माझी खात्री पटली. त्यानंतर त्याने १४ अंकांचा लॉट देऊ केला. ‘दादा, तुम्ही जाणकार आहात म्हणून आधी तुम्हाला विचारतो,’ हे त्याचे शब्द होते. मी ६०,००० रुपये आगाऊ दिले. उरलेल्या रकमेसाठी यूपीआयची एका दिवसाची मर्यादा आड आली, म्हणून एका दिवशी १,००,००० आणि दुसऱ्या दिवशी २६,००० पाठवले. ती मर्यादा आड आली तेव्हा मला एक पूर्ण रात्र विचार करायला मिळाली होती. ती मी हिशेब मांडण्यात घालवली.

पण ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकत नाही तो आधीचा आहे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याने मला एक अंक पाहायला पाठवला होता. त्याच्या पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का होता. शाई इतकी मुरली होती की पानाच्या पाठीमागेही वर्तुळ उमटले होते. आता असे पान पन्नास वर्षे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला चिकटून राहिले, तर तिथेही शिक्क्याची पुसट उलटी छाया पडायला हवी. मी मुखपृष्ठ उलटून पाहिले. आतली बाजू स्वच्छ होती. शाईचा डाग नव्हता, पानाच्या कडेची पिवळी रेघ नव्हती, काहीच नव्हते. मी ते पाहिले, मला ते खटकले, आणि ‘सफाई करताना गेले असेल’ असे म्हणून मी पान मिटले. शाईचा असा डाग कागद न दुखावता काढणे किती अवघड असते हे मला माहीत आहे. मी स्वतः ते इतरांना समजावून सांगितलेले आहे. त्या क्षणी मी जाणकार म्हणून विचार केला असता तर एक रुपयाही गेला नसता. पण मी तेव्हा विक्रेता झालो होतो आणि त्या अंकाला कोण गिऱ्हाईक मिळेल याचाच विचार करत होतो.

लॉट आल्यावर मी तीन अंक १८,५००, १६,००० आणि २२,००० रुपयांना विकले. २२,००० रुपयांचा अंक घेणाऱ्या वयोवृद्ध संग्राहकांनी आठवड्याने मला घरी बोलावले. त्यांनी अंक भिंगाखाली धरला. छापखान्यात छापलेल्या जुन्या मुखपृष्ठावर रंगांचे ठिपके ठरावीक जाळीत बसलेले असतात; इथे ती जाळी धुरकट होऊन तिच्यावर दुसरे बारीक शिंतोडे दिसत होते, म्हणजे स्कॅन करून प्रिंटरवर काढलेली प्रत. मग त्यांनी त्याच काळातला आपला खात्रीचा अंक शेजारी ठेवून दोन्हींवर अतिनील दिवा धरला. त्यांचे मुखपृष्ठ मंद राहिले, माझे निळसर पांढरे चमकले, कारण आजच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने असतात. ते मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. त्याचीच मला अधिक लाज वाटली. भिंग आणि दिवा यांना फार पैसे पडत नाहीत. दोन्ही घेतल्याशिवाय पुढचा अंक घेऊ नका, आणि तुलनेला स्वतःचा खात्रीचा अंक ठेवल्याशिवाय दिव्यावर विसंबू नका.

तिन्ही अंकांचे मिळून ५६,५०० रुपये मी त्याच आठवड्यात परत केले. घरी सगळे १४ अंक तपासले तेव्हा नऊ अंकांना नव्या छपाईची मुखपृष्ठे निघाली. दोन अंक दोन वेगवेगळ्या प्रतींची पाने जोडून केलेले होते. मापपट्टी लावली की पानांच्या उंचीतला फरक कळत होता. उरलेले तीन खरे होते. त्यांपैकी एकाच्या शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, तिरप्या उजेडात, खोडलेल्या पेन्सिलीचा आकडा दिसला. तो माझ्या हातचा होता. माझ्या वहीतला क्रमांक मी प्रत्येक अंकावर तसा घालतो. म्हणजे ६,५०० रुपयांना मी ज्याला तीन अंक विकले तो अनोळखी संग्राहक या इसमाचाच माणूस होता आणि माझाच अंक मला दुसऱ्यांदा विकला गेला होता. पहिलाच खरेदीदार फार सहज मिळाला तर तो कोण आहे हे आधी शोधा.

यानंतर जे झाले त्याने मला फसवणुकीइतकाच संताप आला. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर मला सांगितले की माल मिळाला आहे, तेव्हा हा व्यवहारातला वाद आहे. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरची माझी तक्रार पोलीस ठाण्याकडे वर्ग झाली. ठाण्यात मला तीन वेळा बोलावून तिन्ही वेळा वेगळ्या अधिकाऱ्यासमोर पहिल्यापासून सांगायला लावले. एकाने अंक हातात घेऊन विचारले, ‘अहो, या रद्दीचे एवढे पैसे दिलेत?’ पान मुडपून त्याने तो टेबलावर टाकला. मी पुरावा म्हणून आणलेला अंक होता तो! मालाचे खोटे वर्णन करून पैसे उकळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, असे मी लेखी दिले, तर ‘दिवाणी कोर्टात जा’ असे उत्तर मिळाले. बँकेने कळवले की रक्कम मी स्वतः पिन टाकून पाठवली असल्याने त्यांची जबाबदारी नाही. ग्राहक आयोगाकडे जावे म्हटले तर वकिलांनी ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चे कलम २(७) पुढे ठेवले: पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. म्हणजे पोलिसांच्या लेखी मी दिवाणी वादातला पक्षकार आणि आयोगाच्या लेखी ग्राहकच नाही. मग मी कोणाच्या दारात उभे राहायचे, याचे उत्तर मला एकाही टेबलावर मिळाले नाही. हौस म्हणून अंक घेणाऱ्यांनी तरी हे लक्षात ठेवावे की संदेशात ‘पुढे विकायचे आहेत’ असे लिहिलेत तर हा मार्गही बंद होऊ शकतो.

वकिलाच्या नोटिशीला ५,५०० रुपये लागले. तिचे उत्तर एका ओळीचे आले: अंक रिस्टोअर केलेले आहेत हे आधीच कळवले होते. मुखपृष्ठ नवे छापणे म्हणजे रिस्टोअर करणे नव्हे, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक आहे. फोनवर बोललेले सगळे हवेत विरले. जे थोडे लेखी संदेश होते त्यांवरच आता सगळी भिस्त आहे, म्हणून किंमत आणि वर्णन दोन्ही लेखीच घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे मी पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवला आहे. पोच आली आहे, उत्तर आलेले नाही. गुन्हा नोंदला गेला नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करणार आहे.

दरम्यान दोघांनी मला फोन करून ते अकरा अंक ‘आहेत तसे’ ४०,००० रुपयांना मागितले. त्यांतल्या एकाने पुढच्या खरेदीदाराला काही सांगायची गरज नाही असेही सुचवले. मी नकार दिला. प्रत्येक अंकाच्या पिशवीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. नऊ चिठ्ठ्यांवर ‘मुखपृष्ठ नव्या छपाईचे’ आणि दोनांवर ‘दोन प्रतींची पाने’ असे लिहिले आहे, आणि प्रत्येकीवर तारीख घालून सही केली आहे.