लॅपटॉपचा चार्जर बदलताना: ओरिजिनल, कंपॅटिबल की टाइप-सी?

लॅपटॉप चार्जरवर व्यवस्थित चालतो, पण बॅटरीची टक्केवारी काही पुढे सरकत नाही, अशी तक्रार सुरू झाली की सहसा तीन पर्याय समोर येतात. कंपनीचा ओरिजिनल चार्जर पुन्हा घ्यायचा, बाजारातला कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पण आपल्या लॅपटॉपला जुळणारा घ्यायचा, किंवा लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होत असेल तर गोल पिन सोडून टाइप-सीचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीवरून लॅपटॉपलाही पुरेल इतकी वीज देणारा) चार्जर घ्यायचा. मी हे तिन्ही वापरले आहेत आणि सध्या टाइप-सीवर स्थिरावलो आहे. मात्र हा कौल सर्वांना लागू पडेलच असे नाही, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर मांडतो.

त्याआधी दोष चार्जरचाच आहे याची खात्री करून घ्यावी. बॅटरी नेमकी ८० टक्क्यांवर थांबत असेल, तर बहुधा बॅटरीचे आयुष्य वाढवणारी सेटिंग सुरू असते आणि ती बंद केली की प्रश्न मिटतो. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याच्याही खाली गेला असेल, तर आधी बॅटरीकडे पाहावे. या दोन्ही गोष्टी ठीक असतील, तरच चार्जरचा विचार करावा.

ओरिजिनल चार्जरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याचे वॉट लॅपटॉपच्या गरजेशी जुळलेले असतात, तो तासन्‌तास चालूनही बेताचाच तापतो, आणि त्याची तीन पिनांची वायर अर्थिंगला जोडलेली असल्याने धातूच्या बॉडीवर हात ठेवला तरी झिणझिण्या येत नाहीत. टाइप-सीचे बहुतेक छोटे चार्जर दोन पिनांचे असतात आणि त्यांच्यावर धातूचा लॅपटॉप चालवताना मनगटाखाली ती बारीक झिणझिण जाणवते. ती सहसा धोकादायक नसते, पण ज्यांना ती सहन होत नाही त्यांच्यासाठी एवढे एक कारणही ओरिजिनल घ्यायला पुरेसे आहे.

असे असूनही मी गोल पिनपासून दूर गेलो, ते एका बारीक तारेमुळे. काही मोठ्या कंपन्यांच्या गोल पिनच्या आत मधोमध एक सुई दिसते. लॅपटॉपला चालवणारी वीज या सुईतून जात नाही. पिनच्या बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या नळ्या ते काम करतात. चार्जर कोणता आहे आणि किती वॉटचा आहे, ही ओळख लॅपटॉपला पटवणे एवढेच सुईचे काम असते. पिनच्या मानेपाशी केबल रोज वाकते आणि तिथे या सुईला जोडलेली ओळखीची बारीक तार तुटली, की मल्टीमीटर १९.५ व्होल्ट अचूक दाखवतो, चार्जरवरचा दिवा नेहमीसारखा जळतो, लॅपटॉप सुरूही होतो. मात्र ओळख न पटल्यामुळे तो बॅटरी चार्ज करायचे थांबवतो आणि प्रोसेसरचा वेगही खाली आणतो. पिन थोडी फिरवली, केबल एका विशिष्ट कोनात धरली की चार्जिंग पुन्हा सुरू होते आणि हात काढला की बंद पडते. चार्जरची पेटी पूर्णपणे सुस्थितीत आणि बिघाड केबलच्या शेवटच्या दोन इंचांत, पण केबल पेटीला कायमची जोडलेली असल्याने नवा चार्जर घ्यावा लागतो. कुशल कारागीर पिनसकट नवी केबल सोल्डर करून देतो आणि ते काम स्वस्तातही होते. माझ्या अनुभवात मात्र तो जोड पुन्हा त्याच जागी कुरकुरू लागतो.

कंपॅटिबल चार्जरची अडचण मुख्यतः इथेच सुरू होते. व्होल्ट, अँपिअर आणि पिनचा आकार जुळवणे सोपे असते, पण ओळख देणारी चिप नीट नसेल तर नव्याकोऱ्या चार्जरवरही जुनीच तक्रार उभी राहते. घ्यायचाच असेल तर दुकानातच आपला लॅपटॉप लावून बॅटरी खरोखर चार्ज होते का आणि बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जरचे वॉट दिसतात का, हे पाहूनच पैसे द्यावेत. चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. ज्या चार्जरवर असा क्रमांकच नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये असे मला वाटते.

टाइप-सीमध्येही ओळख पटवण्याचे काम केबलमधली एक बारीक तारच करते. फरक एवढाच की ही केबल बहुतेक चार्जरमध्ये दोन्ही टोकांनी सुटी असते. ती बिघडली तर फक्त केबल बदलायची. चार्जर तसाच राहतो आणि दोष केबलमध्ये आहे की चार्जरमध्ये, हे घरातली दुसरी केबल लावून लगेच कळते. माझ्यासाठी पारडे झुकले ते इथेच.

या पर्यायाच्या उणिवाही सांगायला हव्यात. टाइप-सीचे पोर्ट बहुधा थेट मदरबोर्डवर बसवलेले असते, त्यामुळे ते ढिले झाले तर दुरुस्ती महाग पडते. गोल पिनचा जॅक अनेक लॅपटॉपमध्ये वेगळ्या छोट्या वायरवर असतो आणि तेवढाच बदलता येतो. म्हणून केबल ओढून न काढता कनेक्टर धरून सरळ काढावी. दोन-तीन पोर्ट असलेल्या चार्जरवर लॅपटॉपसोबत फोन लावला, की वीज नव्याने वाटली जाते, क्षणभर चार्जिंग तुटते आणि ६५ वॉटमधले लॅपटॉपच्या वाट्याला अनेकदा ४५च उरतात. शिवाय प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंगसाठी नसते. काही लॅपटॉपमध्ये ते केवळ डेटासाठी दिलेले असते, त्यामुळे खरेदीपूर्वी मॅन्युअल पाहणे आवश्यक आहे. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा, १८० किंवा २३० वॉट मागणारा लॅपटॉप असेल, तर ओरिजिनलच घ्यावा. नेहमीच्या १०० वॉटच्या टाइप-सी चार्जरवर तो पूर्ण ताकदीने चालत नाही.

ऑफिसच्या कामाचा, ४५ किंवा ६५ वॉटचा लॅपटॉप असेल आणि त्याचे टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेत असेल, तर मी निःसंकोच टाइप-सी सुचवेन. चार्जर मूळ चार्जरइतक्या किंवा त्याहून अधिक वॉटचा असावा आणि केबल १०० वॉटची, म्हणजे ५ अँपिअरची घ्यावी. साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटच देते, आणि मग ६५ वॉटचा चार्जर घेऊनही त्याची पूर्ण क्षमता लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही.