घरी येणारी टीम की डे केअर? आमच्या आजीपुरतं सांगते

सोलापुरात, विसरायला लागलेल्या आजीला आधी डे केअरला नेलं, तिथे भजन, व्यायाम, बोलायला चार बायका, आम्हालाही उसंत, पण रिक्षातून उतरली की "हे कुणाचं घर गं" म्हणून रडायची. मग काउन्सेलर आणि नर्स घरी यायला लागल्या, कपाटांवर चित्रं चिकटवली, रोजची कामं छोट्या पायऱ्यांत लिहून दिली, आणि आयुष्यभर विड्या वळलेले हात म्हणून शेंगा सोलायला दिल्या तर आजी चक्क गुणगुणायला लागली! अमेरिकेत 2015 च्या, नैराश्य आणि विसरणं दोन्ही असलेल्या 74 वृद्धांच्या अभ्यासात घरी येऊन दिलेली अशीच 12 आठवड्यांची थेरपी नैराश्य कमी करायला नुसतं धीर देण्यापेक्षा सरस ठरली, त्यात घरच्या माणसालाही सामील करतात. विसरणं थोडंच असेल, माणसांची आवड असेल तर डे केअर जरूर बघा, आजीसाठी मला घरचंच पटलं.