ग्वाल्हेरचं गाणं ऐकायला कोणत्या काळात जावं?

कालयंत्र मिळालं तर कुठे जाल, हा विषय ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत निघाला की उत्तरं साधारण ठरलेली असतात. कुणाला रायगडावरचा राज्याभिषेक बघायचा असतो, कुणाला पानिपतच्या आधी भाऊसाहेबांना गाठायचं असतं, आणि मुलं थेट दोनशे वर्षं पुढे जातात. या सगळ्यांचं मला पटतं. पण एकच खेप मिळणार असेल तर मी ती गाण्यासाठी राखून ठेवीन, आणि गाव बदलणार नाही. ज्यांना माझ्यासारखी गाण्याची ओढ आहे आणि काळ ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं ठरलेलं आहे, पण तुमचं वेगळं ठरू शकतं.

पहिलं नाव अर्थातच तानसेनाचं येतं. यात एक अडचण आहे. तानसेन ऐकायला ग्वाल्हेरला येऊन उपयोग नाही. तो आधी रीव्याच्या राजा रामचंद्राकडे होता आणि १५६२ मध्ये अकबराकडे गेला. ऐन भरातला तानसेन आग्रा-सीक्रीच्या बाजूला. आपल्याकडे आहे ती हजीरा भागातली त्याची कबर. तेव्हा त्या बाजूचं काही ऐकायचंच असेल तर आणखी मागे, राजा मानसिंह तोमरांकडे जावं. १४८६ ते १५१६ हा त्यांचा काळ. ध्रुपदाला, म्हणजे ख्यालाच्या आधीच्या जुन्या गायनप्रकाराला, त्यांच्या दरबारात जो आधार मिळाला त्यावर पुढचं सगळं उभं आहे. शिवाय गडावरच्या त्यांच्या मानमंदिर महालाच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा आज जागोजागी उडाल्यात, त्या नव्या कोऱ्या दिसतील. डोळ्यांसाठी हा काळ पहिल्या नंबरचा. कानांसाठी मात्र मला खात्री वाटत नाही. माझा कान ख्यालावर वाढलेला आहे आणि तिथे ख्याल नाही. आणि गडावरच्या दरबारात मला कोण आत सोडणार? ध्रुपद शिकलेल्यांनी मात्र माझं न ऐकता सरळ हाच काळ घ्यावा.

पुढच्या काळाचं थोडक्यात सांगतो. इथल्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवाला २०२४ मध्ये शंभर वर्षं झाली, म्हणजे २१२४ ला द्विशताब्दी असेल. तेव्हा ग्वाल्हेरची गायकी कुणाच्या गळ्यात आहे, अस्ताईनंतर (बंदिशीचा पहिला भाग) अंतरा (दुसरा भाग) म्हणतात की नाही, हे बघायची उत्सुकता मलाही आहे. आता ऐकतो त्यातले कितीतरी गायक अंतऱ्याला हात लावत नाहीत, आणि आपल्याकडे तर अस्ताई-अंतरा पुरा मांडल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही अशी शिकवण. पण तिथे जाऊन काहीच शिल्लक दिसलं नाही तर परत आल्यावर इथल्या मैफलीत माझं मन लागणार नाही. ती जोखीम मला नको.

खरी चुरस उरते ती दोन काळांत. एक १८७२-७३, जयाजीराव शिंद्यांच्या वेळचं ग्वाल्हेर. दुसरं १९२०च्या आसपासचं, माधवराव महाराजांचं.

सोयीचं बघाल तर दुसरं निर्विवाद सरस. ग्वाल्हेरचे गवई कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये शंकर गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१८ मध्ये संगीतशास्त्री भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं, तिथे राजाभैया पूछवाले शिकवत. दरबारात ओळख लागत नाही, वर्गाच्या दारात उभं राहिलं तरी चार चिजा कानावर पडतील. माणसं आपली, बोली आपली. ज्याला ऐकण्याबरोबर शिकायचंही आहे, त्याला मी हेच सुचवीन.

मग मी ते का घेतलं नाही? कारण कृष्णराव १९८९ पर्यंत होते. आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांना समोर बसून ऐकलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत. जे कानावर येऊ शकतं त्यासाठी कालयंत्र कशाला खर्च करायचं?

आणि माझा तराजू ज्या गोष्टीने झुकला ती आमच्या काकांच्या कॅसेटवर आहे. त्यांनी जुन्या तबकड्यांवरून रहिमत खाँची भैरवी उतरवून घेतली होती. ग्वाल्हेरच्या ख्यालाचे मोठे उस्ताद हद्दू खाँ, त्यांचे हे चिरंजीव. विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरला हद्दू खाँकडे गाणं शिकले, पुढे त्यांनी सर्कस काढली, आणि काशीत भटकत असलेल्या या गुरुपुत्राला शोधून आपल्याबरोबर गावोगाव नेलं. रहिमत खाँ १९२२ मध्ये गेले. तबकड्या त्यांच्या उतारवयातल्या. आधी नुसती खरखर, मग त्यातून आवाज वर येतो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, टेकतो आणि तिथे असा निर्मळ उभा राहतो की खरखर ऐकू येईनाशी होते. आता हा माणूस खाली कसा उतरतो याची वाट बघत आपण पुढे सरकतो, आणि तबकडी संपते. तीन-साडेतीन मिनिटं. बस.

भैरवीचं तेवढ्यात एक वेळ निभतं. ग्वाल्हेरचा झुमरा तालातला संथ ख्याल तीन मिनिटांत अंतऱ्यापर्यंतही पोचत नाही. बेहलावा (सुरांचा संथ विस्तार) कसा घेत, बोलतान (शब्दांसकट घेतलेली तान) कुठून उचलत, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) किती सहज येत, यातलं काही तबकडीवर मावणारं नव्हतं. ती कॅसेट मी दर वेळी त्याच जागी चिडून बंद करतो. रहिमत खाँच्या वडिलांचं तर तेवढंही नाही. हद्दू खाँ १८७५ मध्ये गेले, आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. दोन वर्षं! हे आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

म्हणून १८७२-७३. हद्दू खाँ हयात आहेत. त्यांचे भाऊ हस्सू खाँ आधीच गेलेले, ते दुःख आहेच. वासुदेवबुवा जोशांसारखे मराठी शिष्य तयार होऊन स्वतः शिकवताहेत. पुढे महाराष्ट्रात ख्याल ज्यांनी रुजवला ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच वासुदेवबुवांचे शिष्य, आणि विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवांचे. दरबारात शिरकाव झाला नाही तर अशा एखाद्या शिष्याच्या ओटीवर जागा मिळेल, निदान मला तशी आशा आहे.

आणखी एक गोष्ट. लश्करातल्या एका घरगुती बैठकीत मध्येच वीज गेली होती. मायक्रोफोन बंद पडला, गायक थांबले नाहीत. पाचेक मिनिटांत खोलीतली कुजबूज आपोआप बंद झाली आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी आस, भिंतीपाशी बसलेल्यांनाही लागायला लागली. आवाज लहान झाला होता, पण गमकेतला, म्हणजे सुराच्या जोरकस हेलकाव्यातला, प्रत्येक धक्का वेगळा ऐकू येत होता. वीज परत आली तेव्हा निम्म्या लोकांनी माइक लावू नका म्हणून सांगितलं. खुल्या आवाजाची गायकी अशाच खोल्यांसाठी घडलेली आहे असं माझं तेव्हापासून मत आहे. १८७२ मध्ये सगळ्याच बैठका तशा.

या काळाच्या गैरसोयीही सांगितल्या पाहिजेत. किल्ल्यावर तेव्हा इंग्रजांची फौज आहे, तो शिंद्यांना परत मिळाला १८८६ मध्ये. म्हणजे मानमंदिर बघायचा बेत सोडून द्यावा. शिंद्यांच्या जयविलास महालाचं काम संपायचं आहे. यंत्राचा काटा मागे सरकून १८५८च्या जूनवर जाणार नाही याची काळजी घ्या, ते दिवस झाशीच्या राणीच्या शेवटच्या लढाईचे. आणि वैशाखात तर नकोच, ग्वाल्हेरचा उन्हाळा पंख्याशिवाय बाहेरच्या माणसाला सोसायचा नाही. मी श्रावण धरला आहे. पावसाळ्यात मियाँमल्हार हा पावसाचा राग कानावर पडण्याची शक्यता जास्त.

तरीही तुम्ही विसाव्या शतकाकडेच झुकत असाल तर १९१८ नंतरचं आणि १९२५च्या आधीचं वर्ष घ्या. दोन्ही विद्यालयं सुरू असतील, माधवराव महाराजही असतील, आणि एकाच खेपेत सगळं आटोपेल.