जर्मनी की ब्रिटन? मास्टर्सला निघण्याआधी घरचा सातबारा उघडा

लेकरू बीई किंवा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आलं की घरात देशांची नावं फिरायला लागतात. कुणाच्या आत्याचा मुलगा बर्मिंगहॅमला असतो, कुणाचा वर्गमित्र आखेनला. मग क्रमवारी, थंडी, पगार यावर महिने जातात. माझं म्हणणं एवढंच, की ही चर्चा नंतर करा. घरातला पैसा कोणत्या रूपात आहे, हे आधी पाहा. जर्मनीला जायचं तर रोख रक्कम आधी लागते. ब्रिटनला जायचं तर मोठं कर्ज लागतं, आणि मोठ्या कर्जाला तारण लागतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत या दोन्हींपैकी काहीच नसतं, जमीन मात्र असते.

ही जमीनच मोठा घोळ करते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात. वडील म्हणतात, "आठ एकर आहे की, लावा." पण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे कर्ज थकलं तर त्या कायद्याखाली बँकेला ती विकता येत नाही. त्यामुळे शिक्षणकर्जाला बँका शेतजमीन सहसा घेत नाहीत. त्यात सातबाऱ्यावर 'वर्ग-२' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, निजामकाळापासूनची मदतमाश किंवा खिदमतमाश इनामी जमीन असेल, तर विषयच संपला. संभाजीनगरात गुंठेवारीचा प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचे कागद आहेत का, हे आधी बघा. चालतो तो एनए (बिगरशेती) प्लॉट, मंजूर नकाशाचं घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव. यातलं काही नसलं तर खासगी वित्तसंस्था बिनतारणी कर्ज देतात, पण व्याज चढं असतं आणि शिकत असतानाच ते भरायला सुरुवात करावी लागते. बापाच्या नावावर आयटी रिटर्न नसेल तर नोकरदार मामा-काकाला सहकर्जदार म्हणून उभं करावं लागतं. ही गोष्ट मामाला व्हिसाच्या आठवड्यात सांगू नका.

आता आकडे. हिशोबाला सोपं जावं म्हणून युरो १०० रुपये आणि पौंड १२० रुपये धरतो. तुम्ही त्या दिवशीचा दर लावा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. ठळक अपवाद दोन. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात (स्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्ग तिथलीच) युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावले. बाकी ठिकाणी फक्त सत्राची वर्गणी, साधारण १०० ते ३५० युरो, आणि त्यात बऱ्याचदा बस-रेल्वेचा पास येतो. खरा भार ब्लॉक्ड अकाउंटचा. वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो, म्हणजे जवळजवळ बारा लाख, व्हिसाआधीच तिकडच्या खात्यात टाकायचे आणि तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो काढायचे. पैसा तुमचाच, तुमच्यासाठीच खर्च होतो, पण एकरकमी लागतो. आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये वेगळे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना त्याशिवाय विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.

ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षाचं. लंडनबाहेरच्या मधल्या फळीतल्या विद्यापीठाची फी १८,००० पौंड धरू, म्हणजे २१ लाख ६० हजार. राहण्याखाण्यासाठी लंडनबाहेर महिना १,१७१ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे दाखवावे लागतात, ते साडेबारा लाखांच्या वर जातात. २०२५ च्या दरांनी व्हिसा ५२४ पौंड आणि आरोग्य अधिभार १,१६४ पौंड, मिळून दोन लाख. एकूण ३६ लाख झाले, आणि राहायचं बारा महिने आहे, नऊ नव्हे. लंडन असेल तर महिना १,५२९ पौंड.

जर्मनीचं वर्ष बारा-साडेबारा लाखांत बसतं, पण वर्षं दोन, आणि अडीच झाली तरी कुणाला नवल वाटत नाही. तिथला फरक कमाईत आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि अभियांत्रिकीच्या मुलाला कंपनीत 'वर्किंग स्टुडंट' म्हणून आपल्याच विषयाचं काम मिळू शकतं. तसं मिळालं तर दुसऱ्या वर्षाचा बराचसा खर्च तिथंच निघतो. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास. त्यातून भाडं-किराणा निघतो, फी निघत नाही. शनिवार-रविवारच्या कामातून फी फेडण्याचा हिशोब कुणी मांडून देत असेल तर तिथून उठा.

पैशाच्या वेळेकडेही बघा. जर्मनीचं ब्लॉक्ड अकाउंट आणि ब्रिटनच्या व्हिसासाठी खात्यात सलग २८ दिवस दाखवायची रक्कम, दोन्ही बहुतेकांच्या बाबतीत जून ते ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा आपल्या घरातला पैसा पेरणीत गेलेला असतो. सोयाबीन-कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे, उसाचं बिल उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणून जायच्या वर्षी उसाचं बिल आलं की ते मुदत ठेवीत टाका आणि लग्नकार्याला हात लावू देऊ नका. व्हिसापुरते उसने घेऊन खातं फुगवायचा उद्योग करू नये. अचानक आलेल्या मोठ्या रकमेवर प्रश्न येतात. कर्जमंजुरीचं पत्र मात्र ब्रिटनला चालतं, आणि एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना आधीच कापला जाणारा कर) लागत नाही.

गुणांचा चाळणा

जर्मन विद्यापीठं आपले गुण एका सूत्रानं त्यांच्या श्रेणीत बदलतात, आणि तिथं आकडा जितका लहान तितका चांगला. सर्वोच्च गुणांतून आपले वजा करा, त्याला सर्वोच्च आणि उत्तीर्ण यांतल्या फरकानं भागा, तीननं गुणा आणि एक मिळवा. शंभरपैकी सत्तर, पासिंग चाळीस असेल तर २.५ येतात. पुष्कळ चांगल्या अभ्यासक्रमांची रेघ २.५ च्याच आसपास असते. म्हणजे ६२ टक्केवाल्याचे २.९ होतात आणि दारं भराभर बंद होतात. शिवाय अभ्यासक्रमाची जुळणी बघतात. मेकॅनिकल करून डेटा सायन्सला जायचं तर गणित-संगणकाची क्रेडिट्स मोजून मागतात.

ब्रिटन इथं सैल आहे. दोन-चार केट्या, एखादं गॅप वर्ष, पंचावन्न-साठ टक्के, तरी कुठेतरी प्रवेश मिळतो, आणि तीन वर्षांची बीएस्सी-बीकॉम सरळ चालते. काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर आयईएलटीएससुद्धा सोडतात. हे सोपेपण ज्याच्या खरंच कामाचं आहे त्यानं जरूर घ्यावं. पण नुसता प्रवेश मिळतोय म्हणून छत्तीस लाख घालणं मला पटत नाही.

जर्मनीत प्रवेश इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमाला मिळतो, नोकरी मात्र आयटी सोडलं तर बहुधा जर्मन भाषा मागते, बी१-बी२ या मधल्या पातळ्यांपर्यंत. "तिकडं गेल्यावर शिकू" म्हणणारा दुसऱ्या सत्रात प्रयोगशाळा, काम आणि भाषा या तिन्हींत अडकतो. इथूनच त्याखालची ए२ पातळी करून जा. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षा होते. वाळूज-शेंद्र्यात एक-दोन वर्षं नोकरी करून जाणाऱ्याला माझी पसंती जास्त. शेंद्र्याला स्कोडा, वाळूजला एंड्रेस+हाउजर. अशा ठिकाणचा अनुभव जर्मनीतल्या अर्जात आणि मुलाखतीत दोन्हीकडे वाचला जातो, आणि ब्लॉक्ड अकाउंटची थोडीफार रक्कमही स्वतःची जमते.

पदवीनंतर

जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देते. ब्रिटन आजवर दोन वर्षं देत होतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तिथंही १८ महिनेच. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला जाणाऱ्यानं दोन वर्षं धरूच नयेत. आणि तो काळ फुकट नाही. २०२५ च्या दरांनी या व्हिसाचे ८८० पौंड आणि वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, म्हणजे पुन्हा तीन लाखांच्या आसपास. त्यानंतर कंपनीनं स्पॉन्सर करायचं तर वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. नवशिक्यांसाठी ही मर्यादा ३३,४०० आहे. सॉफ्टवेअर, वित्त, आरोग्यसेवा यांत ते जमतं. एमएस्सी मॅनेजमेंट करून आलेल्याला जड जातं.

लग्न झालं असेल तर आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये शिकवणीच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला जोडीदार नेता येत नाही. जर्मनीत कागद वाढतात, पण वाट बंद नाही. उलट मुलीला बाहेर पाठवायला घर का-कू करत असेल, तर "एकच वर्ष" हे वाक्य आजीलाही पटतं. त्या एका कारणासाठी ब्रिटन निवडणाऱ्या मुलीला मी चूक म्हणणार नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण बहुतेकांचं बजेट तिथं पहिल्याच पानावर संपतं. विद्यापीठाच्या आय-२० या प्रवेशपत्रावर एका वर्षाचेच चाळीस-साठ हजार डॉलर सहज दिसतात, कॅम्पसबाहेर काम करायची मुभा नाही, आणि पुढं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. विज्ञान-अभियांत्रिकीला तीन वर्षांची ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची परवानगी) मिळते, हे तिचं बळ. तारणाला फ्लॅट आणि हातात उत्तम प्रवेश असेल तरच तिचा विचार करा.

शिष्यवृत्ती मिळत असेल तर वरचा सगळा हिशोब फिरतो. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी यांच्या वेगळ्या आहेत. मराठा-कुणबी मुलांना सारथीची, आणि ज्या सयाजीरावांच्या बडोदा संस्थानच्या मदतीनं बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले त्यांचंच नाव तिला आहे. विद्यापीठाच्या क्यूएस या जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते. त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा. फी दुसरं कुणी भरणार असेल तर माझं मत सरळ ब्रिटनकडे जातं: एडिनबरा, मँचेस्टर, ग्लासगो, लीड्स. वर्षात पदवी, डोक्यावर कर्ज नाही. फी नसणं हा जर्मनीचा मोठा फायदा तिथं उरतच नाही.

कन्सल्टन्सीवाल्यांचं गणितही कळलेलं बरं. ब्रिटनची पुष्कळ विद्यापीठं विद्यार्थ्यामागे एजंटला कमिशन देतात, म्हणून ते तुमच्याकडून काही न घेता चहा पाजतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठं सहसा असं काही देत नाहीत. त्यामुळे जर्मनीचं नाव काढलं की काही जण हळूच तिथल्या खासगी कॉलेजाचं पत्रक पुढं सरकवतात, वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढचं. सरकारी की खासगी, हा प्रश्न तोंडावर विचारा, आणि डीएएडी या जर्मन शैक्षणिक संस्थेच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम स्वतः शोधा. अर्ज भरायला एजंट लागत नाही. बऱ्याच ठिकाणी तो युनी-असिस्ट या सामायिक अर्जसेवेतून जातो, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०.

माझा कौल असा. सत्तर टक्क्यांच्या वर गुण, तारण नाही, पण बारा-तेरा लाख उभे करता येतात आणि भाषा शिकायची तयारी आहे, तर जर्मनी. गुण मध्यम, घरात एनए प्लॉट किंवा फ्लॅट, विषय ब्रिटनमध्ये चालणारा, आणि परत यावं लागलं तरी हप्ता भरता येईल असा एक पगार घरात आहे, तर ब्रिटन. दोन्हीकडे बसत नसाल तर एमटेकची प्रवेश परीक्षा, गेट, द्या. आयआयटीच्या एमटेकला महिना १२,४०० रुपये मिळतात, आणि दोन वर्षांनी जर्मनी तिथंच असते.