गजेंद्रकुमार मित्र यांची कादंबरीत्रयी : प्रकाशकाच्या हिशेबी नजरेतला इतिहास

बंगाली कादंबरी म्हटले की मराठी वाचकाला शरच्चंद्र आठवतात. मामा वरेरकरांच्या अनुवादांनी त्यांना आपल्या घरचेच करून टाकले, पण त्यांच्या पुढच्या पिढीतले कितीतरी मोठे लेखक आपल्याकडे नावापुरतेही पोहोचले नाहीत. गजेंद्रकुमार मित्र (१९०८–१९९४) हे त्यांपैकीच एक. ‘कोलकातार काछेई’, ‘उपकंठे’ आणि ‘पौष फागुनेर पाला’ या त्यांच्या तीन सलग कादंबऱ्या मूळ बंगालीतून वाचल्यानंतर, बंगाली वाचू शकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने त्या विकत घेऊन संग्रही ठेवाव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे.

लेखकाविषयी आधी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या पुस्तकांचा स्वभाव त्यांच्या व्यवसायापासून वेगळा काढता येत नाही. त्यांचा जन्म कोलकात्याचा, बालपणीचे शिक्षण काशीतल्या बंगाली वस्तीत झालेले आणि पुढचे शिक्षण पुन्हा कोलकात्यात. वयाच्या पंचविशीत, १९३४ साली, मित्र सुमथनाथ घोष यांच्यासह त्यांनी ‘मित्र ओ घोष’ ही प्रकाशनसंस्था सुरू केली. कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकपेठेत, श्यामाचरण दे स्ट्रीटवरील दहा क्रमांकाचा तिचा पत्ता बंगाली वाचकांच्या तोंडी बसलेला आहे. दोघेही भागीदार स्वतः लेखक होते आणि ‘कथासाहित्य’ हे मासिकही त्यांनीच चालवले. आशापूर्णा देवींची जी कादंबरी पुढे ज्ञानपीठ पुरस्कारापर्यंत पोहोचली, ती ‘प्रथम प्रतिश्रुति’ याच संस्थेने काढली. विल्यम कॅरीच्या काळावरची प्रमथनाथ बिशींची ऐतिहासिक कादंबरीही येथूनच आली. समकालीनांची इतकी तोलामोलाची पुस्तके स्वतः छापून विकणाऱ्या माणसाने आपले लेखन मागे पडू दिले नाही, याचे मला मनापासून कौतुक वाटते. ‘कोलकातार काछेई’ला १९५९ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ‘पौष फागुनेर पाला’ला पुढे रवींद्र पुरस्कार मिळाला.

कथानक एका वाक्यात सांगता येते, पण त्याने काहीच कळत नाही. रासमणी नावाच्या विधवेच्या कमला, श्यामा आणि उमा या तीन मुलींची लग्ने होतात आणि त्या लग्नांतून फुटलेल्या संसारांचा माग लेखक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे पिढ्यांमागून पिढ्या काढत जातो. मध्यभागी आहे श्यामा. बेजबाबदार नवऱ्याच्या पदरी पडलेली ही मुलगी कोलकात्याच्या बाहेर, शहराच्या अगदी शेजारी पण शहराच्या सुखसोयींपासून दूर, मुले वाढवते, उपास काढते, झाडाची पडलेली पाने सरपणासाठी गोळा करते आणि हळूहळू पैशाला पैसा जोडत स्वतःचे बस्तान बसवते. त्या धडपडीत ती कठोर होत जाते. वाचकाला प्रथम तिची दया येते, मग आदर वाटतो आणि नंतर तिची भीती वाटू लागते. हे संक्रमण नेमके कोणत्या पानावर झाले, हे मागे वळून पाहिले तरी सापडत नाही. एवढ्या संथ, एवढ्या प्रामाणिक गतीने बदलत जाणारी दुसरी व्यक्तिरेखा मला चटकन आठवत नाही.

उमेची कहाणी याहून शांत आहे, पण मला ती अधिक बोचली. नवऱ्याने टाकलेली ही स्त्री घरोघरी जाऊन मुलींना शिकवते आणि त्या मिळकतीवर मानाने उभी राहते. लेखक तिला थोर बनवत नाही आणि तिच्यासाठी अश्रूही मागत नाही. तिला किती मिळते, त्यात काय भागते आणि काय भागत नाही, एवढेच तो सांगतो.

प्रकाशक गजेंद्रकुमार मला इथेच दिसतात. या तिन्ही पुस्तकांत पैसा सतत मोजला जातो : भाताचा, भाड्याचा, हुंड्याचा, औषधाचा, व्याजाचा. ज्या वर्षांतून हे कुटुंब जाते त्यांत १९०५ ची वंगभंगाची फाळणी आली, १९११ मध्ये ती रद्द झाली आणि राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणाही त्याच वर्षी झाली. तरी कथेचा आस या घटनांवर फिरत नाही, तो चुलीशी आणि पेटीतल्या नाण्यांशी घट्ट धरलेला आहे. तरीही तीन भाग वाचून झाल्यावर त्या काळच्या बंगालचा जितका इतिहास हाती लागतो, तितका तारखांनी भरलेल्या ग्रंथातून लागत नाही. रेल्वेच्या आणि कचेऱ्यांच्या नोकऱ्यांनी ब्राह्मण कुटुंबांचे पौरोहित्य कसे मागे पडले, बालविवाहित मुलींची वये आणि विधवांची आयुष्ये घरच्या हिशेबात कशी धरली जात, महानगर आपल्या कडेच्या गावांना कसे खात गेले, हे सारे त्या आणेपैशांतून उलगडते. कागद, छपाई आणि उधारी यांचा रोजचा ताळमेळ घालणाऱ्या माणसालाच ही नजर मिळाली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून सामाजिक कादंबऱ्याही चालवल्या आणि ऐतिहासिकही, पण त्या दोन वेगळ्या रांगा राहिल्या आणि पुढच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीने बहुतांशी गड, दरबार आणि रणांगण यांचीच वाट धरली. गजेंद्रकुमारांनीही ती वाट चोखाळली आहे. १८५७ च्या उठावावरची त्यांची ‘वह्निवन्या’ ही भरगच्च कादंबरी बंगालीत प्रसिद्धच आहे आणि नानासाहेब, तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई यांच्यामुळे तो विषय आपल्याला परकाही नाही. तरी निवड करायची वेळ आली तर मी या त्रयीच्याच बाजूने उभा राहीन, कारण इथे कोणाचेही नाव इतिहासात नाही आणि म्हणूनच पुढे काय होणार हे वाचकाला आधी ठाऊक नसते.

उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. तिसऱ्या भागात नातवंडे, सुना, जावई यांची गर्दी इतकी होते की कोण कोणाचे हे लक्षात ठेवण्यासाठी मला वंशवृक्ष काढून पुस्तकात खुणेला ठेवावा लागला. भांडणांचे प्रसंग एकमेकांसारखे वाटू लागतात. पुरुष पात्रे, एखाददुसरा अपवाद वगळता, स्त्रियांइतकी आतून रेखाटलेली नाहीत. ती येतात, नुकसान करून जातात आणि लेखकाला त्यांच्यात फारसा रस उरत नाही. तरीसुद्धा ही गर्दी टाळून संक्षिप्त आवृत्ती काढली असती तर ती मला नको झाली असती, कारण थकवा हाच या बायकांच्या आयुष्याचा विषय आहे आणि तो थोड्या पानांत पोहोचवता येत नाही.

भाषेविषयी एक व्यावहारिक सूचना. निवेदनाची बंगाली सरळ आणि प्रवाही आहे. ज्यांनी शरच्चंद्र मुळातून वाचले आहेत त्यांना ती मुळीच जड जाणार नाही. अडचण येते ती संवादांत, कारण म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी जुन्या घरगुती म्हणी आणि शिव्याशाप भरपूर आहेत आणि त्यांपैकी बरेच साध्या शब्दकोशात सापडत नाहीत. पहिली शंभरेक पाने धीराने काढली की कान तयार होतो. तिन्ही भाग एकदम घेण्याची गरज नाही. ‘कोलकातार काछेई’ स्वतंत्रपणे वाचता येते आणि तिघांत तीच सर्वांत आटोपशीर व घट्ट विणीची आहे. ती आवडली तर मात्र क्रम मोडू नये. ‘उपकंठे’ गाळून थेट तिसऱ्या भागाकडे गेल्यास श्यामेचे म्हातारपण केवळ कंजूषपणा वाटेल आणि तिच्यावर अन्याय होईल.