दुकानाच्या दारातल्या पूरफळ्या : एक अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला तळमजल्यावर आहे. २०२४च्या पावसाळ्यात आत पाणी शिरलं आणि खालच्या दोन कप्प्यांतल्या मालाचा लगदा झाला. २०२५च्या एप्रिलमध्ये दाराला अॅल्युमिनियमच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या बसवून घेतल्या. पावसाळा संपला, दिवाळीही उलटली, म्हणून आता लिहितोय. फळ्या उत्तम आहेत, जरूर घ्या. पण नुसत्या फळ्या घेणार असाल तर पैसे खर्चू नका. त्यांच्या जोडीला नहाणीच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप, हवाच.

कारण आमच्याकडचं पाणी फक्त दारातून येत नाही. बेलापूरच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला पनवेलची खाडी. शहर वसवताना सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव केले. भरतीला खाडीकडच्या झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर जातं. तलावात गाळ साठला की पाणी मावायला जागा उरत नाही. उधाणाची भरती आणि डोंगरावरून उतरणारं पाणी एकाच वेळी येतात तेव्हा गटारं उलटी वाहू लागतात. त्या वर्षी रस्त्यावर जेमतेम घोटाभर पाणी होतं, पण मागच्या नहाणीतून काळं पाणी वर येऊन टाइल्सवर पसरलं होतं. दारात लोखंडी भिंत असती तरी माल भिजलाच असता.

आता फळ्यांबद्दल. दार आठ फुटी आहे. दोन्ही बाजूंना उभे चॅनेल, त्यांत एकावर एक सरकणाऱ्या वीतभर उंचीच्या तीन पोकळ फळ्या, प्रत्येकीच्या खाली रबरी पट्टी आणि वरून आवळायचे क्लॅम्प. सगळं मिळून दोन फूट उंची. एकट्या माणसाला दहा मिनिटांत बसवता येतात. त्याहून उंच करायचा मोह टाळा. पाण्याची उंची दुप्पट झाली की त्याचा एकूण जोर चौपट होतो. आमच्या दारावर एक फूट पाणी साधारण ११० किलोचा जोर लावतं, दोन फूट पाणी साडेचारशे किलोच्या आसपास. तीन फुटांच्या पुढे पाणी अडवलं तर साधी विटांची भिंतच ढासळू शकते.

म्हणूनच चॅनेल कशात ठोकलाय यावर सगळं अवलंबून आहे. आमच्या खांबांना ग्रॅनाइट लावलेलं आहे आणि त्याच्यामागे पोकळी आहे. फॅब्रिकेटरचा माणूस ग्रॅनाइटमध्येच प्लॅस्टिकची गिट्टी घालून स्क्रू मारायला निघाला होता. मी थांबवलं, तेवढा ग्रॅनाइट कापायला लावला आणि आतल्या काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट मारून घेतले. त्यासाठी जास्तीचा दिवस आणि जास्तीचे पैसे गेले, पण ते द्यायलाच हवेत. उंबरठाही सपाट लागतो. टाइल्सच्या सांध्यांवर रबर नीट बसत नाही. आम्ही कडप्प्याची अखंड पट्टी टाकली.

२०२५ला पाऊस मे महिन्यातच आला, २६ मेला मुंबईत मान्सून जाहीर झाला. फळ्या एप्रिलमध्येच बसल्या होत्या हे बरं झालं. खरी परीक्षा ऑगस्टमधल्या मुसळधार दिवसांत झाली. बाहेर पाणी दुसऱ्या फळीच्या मध्यापर्यंत चढलं होतं. आत डाव्या कोपऱ्यातून पाझर आला, पोतेरं आणि छोटा सबमर्सिबल पंप यांत भागलं. मागच्या गटाराच्या चेंबरमध्ये पाणी काठोकाठ, आणि व्हॉल्व्हमुळे नहाणी कोरडी. ते पाहून माझी बायको तिथेच स्टुलावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. आदल्या वर्षी तिनेच भिजलेले गठ्ठे उचलले होते.

व्हॉल्व्हची एक अट आहे. झडप मिटलेली असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही, त्यामुळे तेवढा वेळ बेसिन बंद. शिवाय केस, गुटख्याच्या पुड्या, पालापाचोळा अडकला की झडप अर्धवट उघडी राहते. पावसाळ्यात दर आठवड्याला चेंबर उघडून बघावंच लागतं.

रबरावर रेती बसते, फळी बसवण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. वंगण म्हणून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावू नका. बहुतेक पट्ट्या ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या असतात आणि पेट्रोलियममुळे ते रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

न आवडलेली गोष्ट म्हणजे रात्र. पाऊस रात्री दोनला वाढला तर नेरूळहून येऊन फळ्या कोण लावणार? जून ते सप्टेंबर रोज दुकान बंद करताना फळ्या लावतोच. कंटाळा येतो, पण लावतो. वॉचमनकाकांनाही शिकवून ठेवलंय.

फळ्या, चॅनेल, कडप्पा आणि मजुरी मिळून चाळीस हजारांच्या आत बसलं. व्हॉल्व्ह आणि प्लंबरचा खर्च वेगळा, पण त्यापुढे किरकोळ.

डाव्या कोपऱ्यातला पाझर कुठून आला ते नंतर कळलं. शेजारच्या दुकानात पाणी भरलं होतं आणि आमच्या सामाईक भिंतीत वायरी नेण्यासाठी पाडलेलं भोक तसंच उघडं होतं. ते आता बुजवलं. शेजारच्या भाऊंनी त्यांच्या दाराचं माप दिलंय, त्यांच्या फळ्या मार्चमध्ये बसतील. नहाणीचा व्हॉल्व्ह मात्र त्यांनी मागच्याच आठवड्यात बसवून घेतला.