एचएमव्हीची तबकडी की अलूरकरांची कॅसेट?

बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर रागसंगीताची ही दोन्ही ध्वनिमुद्रणं निघतात. घर रिकामं करताना कुणी ‘हवं ते न्या’ म्हणालं, तर आधी काय उचलायचं?

७८ फेऱ्यांच्या तबकडीला एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. एवढ्यात राग मांडायचा म्हणजे सावकाश बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं, विसरा. बंदिश, चार ताना, खेळ खलास. गवयाची तयारी मात्र त्यात लख्ख कळते. कधीकधी लेबलवरचं नावसुद्धा नेहमीचं नसतं: गायिका गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी हुबळी’ या नावाने निघाल्या.

पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसचा पसारा एचएमव्हीसारख्या बड्या रेकॉर्ड कंपनीपुढे चिमुकला. सिनेमाची गाणी जशी खपतात तसं रागसंगीत खपत नाही, तरी त्यांनी तेच कॅसेटवर आणलं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला अर्धा तास मिळतो. आमच्या शेजारच्या धारवाडचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर जोडराग (दोन रागांचा मिलाफ) घेऊन तालाचं एकेक आवर्तन भरत समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतात, ते साडेतीन मिनिटांत मावणार कसं?

मी कॅसेटच उचलेन. तबकडी पडली की फुटते, पण पावसाला दाद देत नाही, कॅसेटचं उलट. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढरट ठिपके दिसले तर लगेच वाजवू नका, प्लेअरचं हेड खराब होतं. आधी साफ करून घ्या, मग पहिल्याच खेपेला संगणकावर उतरवा.